विश्लेषण : बुलेटला कारचा टायर लावला तर काय बिघडते?

कारचा टायर स्वस्त पडतो, लवकर झिजत नाही आणि वजनही जास्त उचलतो. मग जड मोटरसायकलच्या मागच्या चाकाला तोच का बसवू नये? विंचूरच्या तीनपाटीवर टायरच्या दुकानात हा प्रश्न अधूनमधून निघतो. अमेरिकेतले अनेक बाइकस्वार वर्षानुवर्षे हेच करत आले आहेत. त्यामुळे प्रश्न वेडगळ नाही. उत्तर मात्र टायरच्या किमतीत नाही, त्याच्या आकारात आहे.

हा प्रश्न विंचूरलाच का?

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरला जाणारा महामार्ग निफाड, नैताळे, विंचूर, देशमाने, येवला असा जातो. समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे वेरूळ-अजिंठ्याकडे निघालेल्या मोठ्या बाइकना मुंबई-नाशिककडून येताना हा जुना रस्ताच सोयीचा. गावात आणि आसपासच्या द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात बुलेट तर पहिल्यापासून आहेच. आता ३५० सीसीच्या पुढच्या, दोनशे-अडीचशे किलोंच्या गाड्याही दिसू लागल्या आहेत. क्लासिक ३५० साधारण १९५ किलोंची, सुपर मिटिऑर ६५० तर २४१ किलोंची. इतकी जड गाडी दोन माणसे आणि सामान घेऊन रोज महामार्गावर धावली की मागचा टायर झपाट्याने झिजतो. नवा टायर घेण्याची वेळ आली की शेजारी टांगलेल्या कारच्या टायरकडे नजर जाते.

योगायोग असा की याच रस्त्याच्या एका टोकाला, सातपूरला, सिएटचा कारखाना आहे आणि दुसऱ्या टोकाला वाळूजला गुडइअरचा. टायर या पट्ट्याला नवीन नाही. तरीही दुचाकीच्या आणि चारचाकीच्या टायरमध्ये फरक काय, असे विचारले तर बहुतेक जण 'एक लहान, एक मोठा' एवढेच सांगतात.

बाइक वळते कशी?

कार वळवायची तर स्टिअरिंग फिरवायचे. पुढची चाके वळतात, गाडी जवळजवळ सपाटच राहते आणि चारही टायर रस्त्यावर उभेच असतात. म्हणून कारच्या टायरचा रस्त्याला टेकणारा भाग सपाट असतो, कडा जवळजवळ काटकोनात खाली उतरतात. त्याला कलायचेच नसते.

मोटरसायकल वळते ती झुकून. हॅन्डल फिरते ते अगदी थोडे, खरे काम झुकण्याचे असते. म्हणूनच बाइकचा टायर आडव्या छेदात गोल असतो. गाडी सरळ असताना त्याचा मधला भाग रस्त्याला टेकतो, गाडी झुकली की कडेचा. दोन्ही वेळी रस्त्याला टेकलेला तुकडा जवळपास तेवढाच राहतो, फक्त त्याची जागा सरकते.

याचा अनुभव चहाच्या टपरीवर घेता येतो. कटिंग चहाचा ग्लास वर रुंद आणि खाली निमुळता असतो. तो टेबलावर आडवा ठेवून ढकलला तर सरळ जात नाही, गोल फिरत जातो. स्टीलचा सरळ डबा आडवा ढकलला तर सरळच जातो. झुकलेल्या बाइकचा गोल टायर त्या ग्लाससारखा वागतो. टायरच्या मध्यावरचा घेर मोठा, कडेचा लहान, म्हणून कडेवर चालताना टायर स्वतःहून वळणाच्या आत ओढला जातो. तिरक्या चाकातून मिळणारी ही ओढ बाइकला वळणात धरून ठेवते. कारचा टायर म्हणजे तो डबा.

झुकणे किती असते, याचाही अंदाज घेण्यासारखा आहे. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी बाइक सुमारे १४ अंश झुकते. त्याच वळणावर वेग ६० झाला की झुकाव ३० अंशांच्या आसपास जातो. वेग दीडपट, झुकाव दुप्पट. विंचूर ते येवला या सपाट, बऱ्याचशा सरळ रस्त्यावर हे फारसे जाणवणार नाही. नांदुरीहून सप्तशृंगगडाच्या घाटात चढताना मात्र प्रत्येक वळणावर जाणवेल.

कारचा टायर झुकल्यावर काय होते?

सपाट टायर झुकवायचा म्हणजे त्याला एका कडेवर उभे करायचे. टायर त्याला विरोध करतो. त्याला पुन्हा सपाट व्हायचे असते, म्हणून तो गाडी उभी करू पाहतो. चालकाला हॅन्डलवर सतत जोर लावून गाडी झुकलेली ठेवावी लागते. टायरची बाजू दबते, मुडपते आणि रस्त्याला टेकणारा भाग एका कडेला गोळा होतो. त्या कडेचे रबर, त्यामागचे थर, खालची बाजू हे सगळे उभ्या भारासाठी बनवलेले असते, असा तिरका भार घेण्यासाठी नाही.

रुंदीचा आणखी एक तोटा आहे. टायर जितका रुंद, तितका झुकताना टेकण्याचा बिंदू मधल्या रेषेपासून बाजूला सरकतो. म्हणजे तेच वळण त्याच वेगाने घ्यायला रुंद टायरच्या गाडीला जास्त झुकावे लागते. झुकायला तयार नसलेल्या टायरला जास्त झुकवावे लागते, अशी ही गंमत.

घाटापेक्षाही एक साधा प्रसंग या भागात रोजचा आहे. कांद्याच्या हंगामात लासलगाव-विंचूर भागात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. समोरून दोन वाहने एकमेकांना ओलांडत आली की बाइकवाल्याला साइडपट्टीवर उतरावे लागते. डांबर आणि मुरूम यांच्यात चार-सहा बोटांची पायरी असते. गोल टायर त्या पायरीवर तिरका चढतो. सपाट टायरची काटकोनी कडा तिला अडते, घासत राहते आणि मग एकदम चढते. त्या क्षणी मागचे चाक बाजूला उडते. रस्त्यावरचे चाकोरीसारखे खड्डे, मध्येच उंच झालेली डांबराची ठिगळे, रस्त्याचा बाजूचा उतार या सगळ्यांवर सपाट टायर गाडीला आपल्या मर्जीने ओढतो. कारला चार चाके असतात, एक ओढले गेले तरी तीन सांभाळतात. बाइकला सांभाळणारे दुसरे एकच चाक असते, आणि ते पुढे.

मग अमेरिकेत लोक कसे चालवतात?

तिथे याला 'डार्क साइड' असे अर्धे गमतीचे नावच आहे. होंडा गोल्ड विंगसारख्या साडेतीनशे किलोंच्या पुढच्या टूरिंग बाइक किंवा मोठ्या क्रूझर चालवणारे काही जण फक्त मागच्या चाकाला कारचा टायर लावतात, पुढे मोटरसायकलचाच ठेवतात. त्यांची कारणे खोटी नाहीत. या बाइकचा मागचा टायर महाग असतो आणि लांबच्या प्रवासात लवकर संपतो. कारचा टायर दुप्पट-तिप्पट अंतर चालला, असे ते सांगतात. त्याच्यावर खोल नाल्या असतात. सरळ रस्त्यावर ब्रेक मारताना रुंद टायर स्थिर वाटतो. आणि भार? जवळपास सारख्या मापांची तुलनाच पाहावी. गोल्ड विंगच्या २००/५५ आर १६ मापाच्या टायरवर भारांक ७७ असतो, म्हणजे ४१२ किलो. कारच्या २०५/५५ आर १६ टायरवर सामान्यतः ९१, म्हणजे ६१५ किलो.

पण यात दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. पहिली, तिथले महामार्ग मैलोन् मैल सरळ आणि सपाट आहेत, साइडपट्टीवर उतरून ट्रॅक्टरला वाट देण्याची वेळ येत नाही. दुसरी, या बाइकचे मागचे रिम १६ इंचांचे आणि पाच-सहा इंच रुंद असते, त्यामुळे जवळपास त्याच मापाचा कारचा टायर मिळतो. तरीही मोटरसायकलचे टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या हे करू नका असेच सांगतात. वर्षानुवर्षे अपघात न झालेल्या चालकांचा अनुभव खरा असतो, पण ते अनुभव सांगायला शिल्लक राहिलेल्यांचे असतात, हेही खरे.

बुलेटला तो बसतो तरी का?

सरळ उत्तर : नाही. आणि विंचूरच्या बहुतेक ग्राहकांसाठी चर्चा इथेच संपायला हरकत नाही.

२०२१ नंतरच्या क्लासिक ३५०ला पुढे १००/९०-१९ आणि मागे १२०/८०-१८ मापाचा टायर येतो. जुन्या स्टँडर्ड बुलेटला दोन्हीकडे ३.२५-१९. या आकड्यांतला शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत, पहिला टायरची रुंदी, आधी मिलिमीटरमध्ये आणि जुन्या पद्धतीत इंचांत. आपल्याकडे १८-१९ इंची कारचे टायर येतात ते मोठ्या एसयूव्हीला, आणि त्यांची रुंदी साधारण २२५ मिलिमीटरपासून सुरू होते. क्रेटाच्या वरच्या मॉडेलचा टायर २१५/६० आर १७ आहे, त्याला सहा-साडेसहा इंच रुंद रिम लागते. बुलेटची रिम जेमतेम दोन-तीन इंचांची. सहा इंचांच्या रिमसाठी घडवलेला टायर तीन इंचांत दाबून बसवला तर तो मधून फुगतो, बाजू वाकतात आणि वळणावर डुलतो. शिवाय तो चेनला किंवा मागच्या फाट्याला घासणार तो वेगळाच.

बजाज अॅव्हेंजरची गोष्ट थोडी वेगळी. तिचे मागचे चाक १५ इंची, टायर १३०/९०-१५. १५ इंचांत कारचे टायर भरपूर, १८५/६५ आर १५ तर सगळीकडे मिळतो. म्हणूनच 'चॉपर' करून घेतलेल्या अॅव्हेंजरला मागे कारचा जाड टायर दिसतो. बुलेटच्या चॉपरला फाटा रुंद करून, रिम बदलून तो बसवलेला असतो. फोटोत गाडी रुबाबदार दिसते यात शंका नाही. अशा गाडीला तीनपाटीवर वळून लासलगावच्या रस्त्याला लागताना पाहिले तर चालक हॅन्डलशी किती झटतो तेही दिसते.

खरा धोका दुकानातच

सोळा इंच म्हणजे सोळा इंच, मग कारचा काय आणि बाइकचा काय, हा सर्वात मोठा गैरसमज. टायरच्या आतल्या कडेत पोलादी तारेचे कडे असते, दुकानात त्याला बीड म्हणतात. हे कडे रिमच्या ज्या खाचेत बसते तिचा आकार, उतार आणि कडेची उंची कारच्या आणि मोटरसायकलच्या रिममध्ये वेगवेगळी ठरलेली आहे. म्हणूनच मोटरसायकलच्या टायरवर मापाशेजारी इंग्रजीत 'एम/सी' अशी अक्षरे छापलेली असतात. हा टायर मोटरसायकलच्या रिमसाठीच, असा त्याचा अर्थ.

टायर बसवताना हवा भरली की बीड खाचेत बसल्याचा 'टक्' असा आवाज दोन्ही बाजूंनी येतो. चुकीच्या रिमवर तो येत नाही. मग कारागीर आणखी हवा सोडतो, साबणाचे पाणी लावतो, टायरवर छापलेल्या मर्यादेच्या पुढे जातो. अशा वेळी तारेचे कडे तुटले तर टायर फुटतो तो चाकावर वाकलेल्या माणसाच्या तोंडासमोर. गाडीच्या मालकाला दोन हजार रुपये वाचवायचे असतात, जोखीम मात्र आधी पंक्चरवाल्याच्या पोराच्या वाट्याला येते.

समजा, जास्त दाबाने तो बसलाच. मग वळणावर टायरवर आडवा जोर आला, किंवा हवा थोडी कमी झाली, तर बीड जागेवरून सरकू शकते. तारांच्या (स्पोकच्या) चाकात ट्यूब असते. बीड सरकली की ट्यूब चिमटते आणि हवा एका क्षणात जाते. मागच्या चाकाची हवा ताशी ७० च्या वेगात गेली तर गाडी कुठे जाईल हे चालकाच्या हातात राहत नाही.

फुकटचा प्रयोग : चौकोनी झालेला टायर

कारचा टायर बाइकवर कसा वाटेल, हे पाहायला तो विकत घ्यावा लागत नाही. रोज नाशिक-विंचूर ये-जा करणाऱ्या बुलेटचा जुना मागचा टायर मागून पाहावा. सरळ रस्त्यावर सतत मधला भागच झिजतो, कडा मात्र नव्या राहतात. पंधरा-वीस हजार किलोमीटरनंतर गोल टायर मधून सपाट होतो आणि त्याला दोन्ही बाजूंना धार येते. अशी गाडी वळणात आधी झुकायला तयार होत नाही, आणि एका टप्प्यानंतर धारेवरून एकदम खाली पडल्यासारखी झुकते. चालकाला वाटते चेन सैल आहे, बेअरिंग गेले आहे, रस्ता खराब आहे. नवा टायर टाकला की गाडी 'नवी झाल्यासारखी' वाटते, कारण गोलाई परत आलेली असते.

कारचा टायर लावणे म्हणजे पहिल्याच दिवशी पूर्ण चौकोनी झालेला टायर विकत घेणे.

पकड रुंदीवर अवलंबून नाही?

थोडी आहे, पण लोक समजतात तितकी नाही. रस्त्याला टेकणारा भाग मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो : चाकावरचा भार आणि आतल्या हवेचा दाब. मागच्या चाकावर सुमारे २१० किलो भार आणि ३० पीएसआय हवा असेल तर टेकणारा भाग ढोबळमानाने शंभर चौरस सेंटिमीटर निघतो. म्हणजे तळहाताएवढा. टायर रुंद केला तर हा तुकडा रुंद आणि आखूड होतो, तिप्पट मोठा होत नाही.

रबराचाही प्रश्न आहे. कारच्या टायरचे रबर सहसा जास्त कडक असते, कारण त्याने चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चालावे अशी अपेक्षा असते. एका चाकावर मोठा भार येतो, टायर तापतो आणि मग चांगली पकड देतो. बाइकचा भार कमी, त्यामुळे तोच टायर पुरेसा तापत नाही. बाइकचे रबर मऊ, म्हणून लवकर झिजते आणि म्हणूनच लवकर धरते. झीज आणि पकड यांचा हा सौदा टाळता येत नाही. मधे कडक आणि कडेला मऊ रबर असलेले दुचाकीचे टायर आता मिळतात. महामार्गावर जास्त फिरणाऱ्यांसाठी तो अधिक शहाणपणाचा खर्च.

पावसाचे काय? कारच्या टायरच्या नाल्या खोल असतात, ही त्याची जमेची बाजू. पण सपाट आणि रुंद पृष्ठभागाला पाणी बाजूला सारायला जास्त काम पडते, गोल टायर पाणी कापत जातो. हलक्या गाडीखाली रुंद टायर पाण्यावर तरंगण्याची शक्यता वाढते.

वजनाची अडचण खरी, उपाय वेगळा

'माझ्या गाडीवर भार जास्त असतो' ही तक्रार खरी असते. त्यासाठी टायरवरचा भारांक वाचावा. क्लासिक ३५०च्या मागच्या टायरवर माप संपले की '६२ पी' असे छापलेले असते. ६२ म्हणजे २६५ किलो, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. पुढच्या टायरवर ५७, म्हणजे २३० किलो.

आता हिशेब. गाडी १९५ किलो, चालक ७५, मागे बसलेली व्यक्ती ६५, पिशव्या २०. एकूण ३५५ किलो. यातला साधारण ६० टक्के भार मागच्या चाकावर धरला तर २१३ किलो होतात. २६५ ची मर्यादा अजून दूर आहे. टायर कमी पडत नाही. पण याच गाडीवर मागे दोन दुधाचे कॅन आणि पुढे टाकीवर पोते ठेवले, तर हिशेब बदलतो. आणि तेव्हा प्रश्न टायरचा राहत नाही, फाट्याचा, शॉकअपचा आणि ब्रेकचाही होतो. ६१५ किलोंचा टायर लावल्याने बाकीची गाडी ६१५ किलोंची होत नाही.

जिथे टायर खरोखर लवकर जातो, तिथे बहुतेक वेळा कारण हवा असते. इथे निफाडची थंडी आडवी येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले किमान तापमान दर हिवाळ्यात बातम्यांत येते, ते कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरते. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो. ऑक्टोबरच्या ३५ अंशांत दुपारी ३० पीएसआय भरलेली हवा जानेवारीत पहाटे सहा अंशांना २६ च्या आत येते, कुठेही पंक्चर नसताना. द्राक्षबागेत पहाटे निघालेला माणूस त्या २६ वर, दोघांच्या भाराने, महिनाभर गाडी चालवतो. बाजू जास्त दबतात, टायर आतून तापतो, कडा झिजतात. मग टायर 'टिकत नाही' म्हणून तो कारच्या टायरची चौकशी करतो. त्याला लागणारी वस्तू दीडशे-दोनशे रुपयांचा हवेचा गेज आहे. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासायची. एकट्यासाठी किती आणि दोघांसाठी किती, हे गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत लिहिलेले असते. बहुतेकांनी ते कधी वाचलेले नसते.

कायदा काय म्हणतो?

२००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार देशात विकल्या जाणाऱ्या वाहनांच्या टायरला आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. त्यात मानकच वेगळे आहे : दोन आणि तीन चाकी वाहनांच्या टायरसाठी आयएस १५६२७, प्रवासी कारच्या टायरसाठी आयएस १५६३३. कारच्या टायरची चाचणी झुकणाऱ्या वाहनासाठी झालेलीच नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील ९४ आणि ९५ हे नियम टायरची स्थिती, माप आणि क्षमता यांबद्दल आहेत. दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर आणि कारची १.६ मिलिमीटर खोल राहिली पाहिजे, हे त्यातच येते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. फाटा कापून रुंद केलेली चॉपर यात सहज सापडते. त्याहून मोठी गोष्ट विम्याची. अपघातानंतर सर्व्हेअर येतो, फोटो काढतो. मागे कारचा टायर दिसला तर दावा नाकारायला विमा कंपनीला आयते कारण मिळते. टायरवर वाचलेले पैसे तेव्हा आठवतही नाहीत.

एबीएस असलेल्या गाड्यांत आणखी एक अडचण. १२५ सीसीच्या पुढच्या नव्या बाइकना २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. दोन चाकांना एबीएस असेल तर ती यंत्रणा दोन्हींचा वेग सतत ताडून पाहते. मागच्या टायरचा घेर बदलला की हे गणित हलते.

कारचा टायर कुठे चालतो?

जिथे वाहन झुकत नाही तिथे. साइडकार जोडलेली मोटरसायकल वळणात झुकूच शकत नाही, ती कारसारखी सपाट वळते. तिच्या चाकांवर उभा भार आणि आडवा जोर येतो. म्हणून युरोपात साइडकारवाले योग्य रिम बसवून कारचे अरुंद टायर सर्रास वापरतात, आणि तिथे गोल टायरच लवकर वाया जातो. सौराष्ट्रातला छकडा आठवावा : पुढे बुलेटचे तोंड आणि मागे दोन चाकांची गाडी. मागची चाके झुकत नाहीत, त्यामुळे तिथे चारचाकीचे टायर शोभतात. दिल्लीत १९९०च्या दशकापर्यंत धावलेल्या जुन्या हार्लेच्या फटफटी रिक्षांचेही तेच. तीन चाके आली की बाइकचा नियम संपतो.

टायर घेताना काय पाहावे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे जुन्या किमतीच्या अंदाजाने दुकानात जाऊ नये, आधी दर विचारावा. माप पुस्तिकेतलेच घ्यावे. 'एक नंबर जाड' टायर मागितला तर दुकानदार देतो, पण चेन-कव्हर आणि फाट्याला किती जागा उरते ते चाक फिरवून पाहायला हवे. भारांक मूळ टायरइतका किंवा जास्त असावा, कमी चालणार नाही. पुढे-मागे एकाच बांधणीचे टायर असावेत. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो उलटा बसवला गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

बाजूवरच्या लंबगोलात चार आकडे असतात. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५ वा आठवडा. दुकानात उन्हात चार वर्षे टांगलेला टायर नक्षीने नवा आणि रबराने जुना असतो, स्वस्त दिला तरी घेऊ नये. नक्षीच्या खोबणीत मध्येच उंचवटे असतात, बाजूवर 'टीडब्ल्यूआय' लिहून त्यांची जागा दाखवलेली असते. रबर झिजून त्या उंचवट्याला टेकले की टायर संपला.

नवा टायर बसवल्यावर त्याच दिवशी घाटात जाऊ नये. कारखान्यातून येताना त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तो निघून जायला दीडशे-एक किलोमीटर लागतात. विंचूर-येवला-विंचूर अशा दोन-तीन फेऱ्या, सुरुवातीला जपून आणि हळूहळू थोडे जास्त झुकत, एवढे पुरते.